नाशिक एका दिवसात, पण त्र्यंबक सोडून

खडवलीहून कसारा लोकल धरली की नाशिक हाकेच्या अंतरावर आहे असं वाटतं. पण लोकल कसाऱ्याला संपते, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या आपल्याकडे थांबत नाहीत. त्यांच्यासाठी आधी उलटं कल्याण गाठावं लागतं. जिचं नावच पंचवटी, ती एक्स्प्रेस सकाळी मनमाडहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परतते, म्हणजे सगळी सोय नाशिककरांची. आपल्याला उरते कसाऱ्याची एसटी नाहीतर शेअर टॅक्सी. टॅक्सी भरल्याशिवाय हलत नाही. तो वेळ घरातून निघताना कुणीच मोजत नाही.

डोंबिवलीच्या मावशीनं श्रावणी सोमवार ठरवला. सकाळी त्र्यंबकेश्वर उरकायचं, दुपारी पंचवटी, रात्री घरी. 'उरकायचं' हा तिचा शब्द. नाशिकपासून त्र्यंबक तीसेक किलोमीटर, आणि श्रावणी सोमवारची तिथली रांग हे वेगळंच प्रकरण. आईला मधुमेह, रांगेत तिच्या जेवणाची वेळ टळली, हात थरथरायला लागले. पुढच्या बाईनं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला म्हणून निभावलं. ब्रह्मगिरी ढगात, आणि नानासाहेब पेशव्यांनी उभारायला घेतलेल्या देवळाच्या काळ्या दगडातलं कोरीव काम बघायला मान वर करायची कुणाचीच ताकद नव्हती. आरशात पिंडीचं दर्शन झालं, तेही 'चला, चला' ऐकत.

पंचवटीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. गुडघे धरलेली आई दारातूनच मागे फिरली. रामकुंडावर एक गृहस्थ पुढे आले. 'दहा मिनिटांत विधी करून देतो,' म्हणाले. पाणी सोडून झाल्यावर दक्षिणेत अन्नदान आलं, मग गोदान आलं. मावशीनं पैसे दिले, पण घाट चढेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू होता. रात्री कसारा घाटात धुकं, आणि खाली स्टेशनवर लोकलची लांबलचक वाट.

म्हणून सांगते, त्र्यंबक आणि पंचवटी एका दिवशी करू नका. खडवलीकरानं पहिल्या खेपेला नुसती पंचवटी आणि गोदाघाट धरावा. त्र्यंबकसाठी वेगळा दिवस काढावा, तोही सोमवार नको. तिथे नारायण नागबळी करायचा असेल तर तीन दिवस मुक्कामाचेच समजा.

विधी करायचा असेल तर आधी आपल्या घराण्याचे तीर्थपुरोहित शोधा. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की घाटावरची माणसं पत्ता देतात. त्यांच्या नामावळीत आजोबा-पणजोबांची नोंद सापडली तर दक्षिणेपेक्षा मोठं काही हाती लागतं. साहित्यासकट एकूण किती, हे मात्र पाण्यात पाय घालण्यापूर्वी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काळाराम मंदिर सकाळी बघावं. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे देऊळ. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच देवळाच्या दारांपुढे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. घाईनं आत जाऊन बाहेर येणाऱ्याला हे आठवतही नाही. निदान दारात क्षणभर थांबून मुलांना एवढं सांगा. जवळच्या कपालेश्वराच्या देवळात शंकरासमोर नंदी का नाही, हा प्रश्न त्यांनाच विचारा आणि कथा पुजाऱ्यांकडून ऐकू द्या.

मग घाटावर नारोशंकराचं देऊळ. तिथली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर ती इकडे आली. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या शेजारच्या किल्ल्यावरची लूट गोदेकाठी टांगलेली बघताना मला तरी देवदर्शनाइतकीच मजा आली. दुपारी भांडी बाजारात तांब्या-पितळेची दुकानं आहेत. पण परतीचा घाट आणि लोकलचा जिना आठवून खरेदी करा.

पावसाळ्यात जाणार असाल तर नदीचा अंदाज घ्या. भातसाकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तरी सांगते: वरून धरणाचं पाणी सोडलं की इथे आकाश कोरडं असलं तरी पाणी चढतं. गोदावरीचं तेच, वर गंगापूर धरण आहे. नाशिककर पुराचं माप दुतोंड्या मारुतीवरून काढतात, पाणी गुडघ्याला की कमरेला. ते बोलणं कानावर आलं की स्नानाचा विचार सोडा आणि पाणी वरूनच डोक्याला लावा.

सिंहस्थाची मोठी स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव त्र्यंबकच्या कुशावर्तावर. आईला ते बघायचंच आहे. तिला पर्वणी टळल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी नेईन, आणि रात्रीचा मुक्काम नाशिकलाच ठेवीन. मावशी सध्या पर्वणीचाच दिवस म्हणते आहे.