एक्स एक जास्तीचा

अगं, आधी डोळे पूस आणि रिपोर्ट पुन्हा वाच. ४७, एक्सएक्सवाय. पुरुषात एरवी ४६ गुणसूत्रं असतात, जावईबापूंच्यात एक एक्स जास्तीचा आहे. याला क्लाइनफेल्टर म्हणतात, १९४२ साली ज्या अमेरिकन डॉक्टरांनी ही लक्षणं मांडली त्यांच्या नावावरून. साधारण सहाशे मुलग्यांत एकाला हे असतं. कितीकांना तर मूल होईना म्हणून तपासणी करेपर्यंत पत्ताच नसतो आणि काहींना तो कधीच लागत नाही. तेव्हा ‘लग्नाआधी लपवलं’ हे डोक्यातून काढून टाक बाई. त्यांनाही तुझ्याबरोबरच कळलंय.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इतके दिवस तुझी सोनोग्राफी, तुझ्या नळ्या, तुझी हार्मोन्स. आणि वीर्याची साधी तपासणी सगळ्यात शेवटी! शुक्राणूंचा काउंट निल आला तेव्हा कुठे त्यांच्या रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, सुचली. असो.

निल म्हणजे सगळं संपलं असं नाही हं. वीर्यात शुक्राणू नसले तरी वृषणात एखाद्या कोपऱ्यात ते तयार होत असू शकतात. मायक्रो-टेसे नावाच्या शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोपखाली तो कोपरा शोधतात. क्लाइनफेल्टरमध्ये चाळीस-पन्नास टक्के पुरुषांत शुक्राणू सापडतात, मग इक्सी करायची, म्हणजे एकच शुक्राणू थेट अंड्यात सोडायचा. न सापडण्याची शक्यताही तेवढीच, हे मी गोड बोलून झाकणार नाही.

वन्सं म्हणतात ना, ‘माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला डॉक्टरांनी ऑपरेशन नकोच सांगितलं’? त्या नवऱ्याच्या वाय गुणसूत्राचा एझेडएफ-ए हा तुकडाच गळालेला असेल. तसं असेल तर शोधण्यात अर्थ नसतो. आणि कुणाच्या रिपोर्टात नऊ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा उलटा दिसला, तर ते बहुधा नुसतं वेगळेपण धरतात, दोष नाही. म्हणून दुसऱ्याचा रिपोर्ट आपल्या गळ्यात घालून घेऊ नकोस.

एक मात्र लक्षात ठेव. अशक्तपणासाठी म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली, तर आधी ‘आम्हाला मूल हवंय’ हे स्पष्ट सांगा. त्या इंजेक्शनांनी शुक्राणू बनण्याची उरलीसुरली क्रियाही दबते.

आणि सासूबाईंना काय सांगायचं, किती सांगायचं, ते त्यांच्या लेकालाच ठरवू दे. तोवर कुणी तुझ्याकडे बघून उसासा टाकलाच, तर मला फोन कर.