परराज्यातील वकील आणि न्यायालयाची परवानगी

अमेरिकेत वकिलीची सनद देशाची नसते, राज्याची असते. न्यूयॉर्कच्या वकिलाला ओहायोत खटला चालवायचा झाल्यास तेथील न्यायालयाकडे त्या एका खटल्यापुरती परवानगी मागावी लागते. तिला 'प्रो हाक व्हायसी' असे लॅटिन नाव आहे. म्हणजे 'या प्रसंगापुरते'. बहुतेक ठिकाणी एक स्थानिक वकीलही सोबत घ्यावा लागतो. तेथील नियम जाणणारा, न्यायालयाला जबाबदार असा कोणी हवा, हा हेतू आम्हांस रास्तच वाटतो. पण जेथे गरिबाचे वकीलपत्र घ्यायला स्थानिक वकील धजतच नाही, तेथे काय?

१९६६ साली लुईझियाना राज्यातील प्लाकमिन्स परगण्यात गॅरी डंकन या १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने रस्त्यावर गाडी थांबविली. गोऱ्यांच्या शाळेत नव्याने दाखल झालेल्या त्याच्या दोन भावंडांसमोर चार गोरी मुले उभी होती. भावंडांना गाडीत बसविताना त्याने एका मुलाच्या कोपराला हात लावला. सरकार पक्षाच्या मते चापट मारली. ज्यूरी मागितली, ती नाकारली गेली. शिक्षा ६० दिवस कैद आणि १५० डॉलर दंड.

त्याचे वकील रिचर्ड सोबोल वॉशिंग्टनहून आलेले. न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय वकिलांच्या कचेरीबरोबर ते काम करीत. तरीही फेब्रुवारी १९६७ मध्ये विनापरवाना वकिली केल्याच्या आरोपावरून त्यांनाच अटक झाली! नागरी हक्कांचे खटले घेणारे गोरे वकील त्या राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाहेरचा वकील हाकलला की अशिलाच्या बाजूने बोलणार कोण?

मे १९६८ मध्ये सोबोल यांनीच लढविलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांत ज्यूरीचा हक्क राज्यांनाही बंधनकारक ठरविला. जुलैमध्ये संघीय न्यायालयाने सोबोल यांच्यावरील खटला छळासाठीच असल्याचे सांगून तो थांबविला. विद्यार्थ्यांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. परवान्याचा कायदा रद्द झाला नाही, त्याचा गैरवापर रोखला गेला. पुढे १९७९ च्या 'लीस विरुद्ध फ्लिंट' प्रकरणात तर अशी परवानगी हा बाहेरच्या वकिलाचा घटनादत्त हक्क नव्हे, असेच ठरले.

आपल्याकडे अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३० लागू व्हायला १५ जून २०११ उजाडले. त्यानुसार एका राज्याच्या यादीतील वकील देशभर काम करू शकतो. मात्र अलाहाबाद उच्च न्यायालयात बाहेरच्या वकिलाने स्थानिक वकील सोबत घ्यावा, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरविला.