सरकारी दवाखाना : उपकार की हक्क?

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीपाशी हात जोडून उभे असलेले नातेवाईक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. औषध मिळाले तर ते साहेबांचे उपकार मानतात, नाही मिळाले तर नशिबाला दोष देतात. दोन्ही वेळी समजूत एकच, की येथे मिळते ते दान आहे. आमच्या मते ही समजूतच मुळात चुकीची आहे.

प्रथम पैसा कोणाचा, हे पाहू. सरकारी रुग्णालय करातून चालते. कर म्हणजे केवळ पगारदाराचा कापला जाणारा आयकर नव्हे. साबण, चप्पल, काडेपेटी विकत घेणारा मजूरही कर भरतो. म्हणजे त्या रुग्णालयात त्याचीही ठेव आहे, आणि ठेवीदाराला पैसे देताना बँक त्याच्यावर उपकार करीत नसते.

मात्र ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. बँकेत ज्याची ठेव मोठी, त्याला पैसे जास्त. रुग्णालयात ज्याची गरज मोठी, त्याला उपचार आधी. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालच्या अहवालातच मांडले होते. पुढे राज्यघटनेच्या कलम ४७ ने लोकांचे पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एका शेतमजुराच्या खटल्याने दिले.

जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील हा मजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला होता. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेले. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याचा जीव वाचला. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण सांगून राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही. मजुराला २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेशही झाला.

निकाल लागला म्हणून खाटा आपोआप वाढत नाहीत, हे खरे. परंतु खाट एक आणि रुग्ण दोन असतील, तेव्हा निर्णय दुखणे पाहून व्हावा, चिठ्ठी पाहून नव्हे. तुटवड्याच्या वेळी वशिला लावणारा कोणा अनोळखी माणसाची खाट घेत असतो. नीतीची खरी परीक्षा येथेच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या नोकरदार वर्गाने ध्यानात घ्यावी. नोकरी लागली, वैद्यकीय बिले कचेरीतून मिळू लागली, की आपण खाजगी दवाखान्याकडे वळतो. त्यात गैर काही नाही. पण ज्याला अर्ज लिहिता येतो, साहेबांशी बोलता येते, तो माणूस निघून गेला की मागे राहिलेल्यांची तक्रार मांडायला कोणी उरत नाही. केवळ गरिबांसाठी उरलेली सेवा हळूहळू गरीबच होत जाते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ही माहिती वस्तीतील प्रत्येक घरी पोहोचली पाहिजे. औषध बाहेरून आणायला सांगितले, तर कारण विचारावे, लेखी तक्रार करावी. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण आहेत, याची चौकशी करावी. परिचारिका व डॉक्टर यांच्याशी सौजन्याने वागावे, कारण अपुऱ्या मनुष्यबळाचा भार तेही वाहत असतात. आणि आपल्यापैकी शिकलेल्या एकाने तरी निरक्षर रुग्णाबरोबर खिडकीपर्यंत जावे. हक्क कागदावर असतो. तो मागण्यासाठी कधीकधी शेजारी उभा राहणारा माणूस लागतो.