शूर्पारक : अवशेषांवरून कालनिश्चिती

भाईंदरहून खाडीपूल ओलांडल्यावर तिसरे स्थानक लागते ते नालासोपारा. त्याच्या पश्चिमेस असलेले सोपारा गाव म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आणि नाशिक येथील उषवदाताच्या शिलालेखात त्याचा उल्लेख येतो.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील आहे. त्याच वर्षी ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाचे उत्खनन झाले आणि आत विटांचा स्तूप आढळला. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भोवती आठ लहान ब्राँझ बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते.

येथे एक प्रश्न उद्भवतो. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. मूर्तींची शैली मात्र आठव्या-नवव्या शतकातील. मग स्तूप कोणत्या काळचा मानावा? केवळ नाणे पाहणारा अभ्यासक एक उत्तर देईल, केवळ मूर्ती पाहणारा दुसरे. दोन्ही एकत्र पाहिल्यास असे दिसते की, जुना स्तूप पुढे कधीतरी उघडून त्यात मूर्तींची स्थापना केली गेली असावी. म्हणजेच ते स्थान शतकानुशतके पूज्य राहिले.

तात्पर्य, एकाच वस्तूवरून स्थळाचा काळ ठरवू नये. प्राचीन नगराचा बराचसा भाग आजच्या वस्तीखाली असल्याने हे पथ्य येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूत निरनिराळ्या काळांच्या कोणत्या खुणा दिसतात, ते नोंदवा.