फवारणी पंप : टू-स्ट्रोक घ्यावा की फोर-स्ट्रोक?



सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाची उघडीप दोनच दिवस मिळते. तेव्हाच पंप बंद पडला तर अळी काही थांबत नाही. म्हणून इंजिनातला फरक समजून घ्या.

*टू-स्ट्रोक :* हलका, स्वस्त, पार्ट कमी. पण पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजूनच मिसळावं लागतं. नुसतं पेट्रोल टाकलं तर पिस्टन जाम होतो. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा पडतो.

*फोर-स्ट्रोक :* टाकीत साधं पेट्रोल, ऑइल वेगळं. पेट्रोल आणि धूर कमी. पण ऑइलची पातळी उतरली तर हाही जाम होतो. होंडा जीएक्स35 इंजिनात ऑइल बसतं फक्त 100 मिली! म्हणून रोज सपाट जागेवर ठेवून पातळी बघा. पहिलं ऑइल 10 तासांनी, पुढे दर 50 तासांनी बदला.

*सल्ला :* एकच पंप घरातले तिघे-चौघे वापरत असतील तर फोर-स्ट्रोक घ्या, मिश्रण चुकायचा धोकाच नाही. मात्र ऑइल बघायचं काम एकाकडेच द्या.

*दोन्हींसाठी :*
1) एअर फिल्टर वरचेवर साफ करा.
2) हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरतं.
3) घेण्याआधी विचारा : प्लग, फिल्टर, स्टार्टरची दोरी आपल्या तालुक्याच्या गावी मिळते का? पार्टसाठी पुण्याला जावं लागलं तर चांगलं इंजिनही कामाचं नाही.

आपला पंप कोणता, अडचण काय, व्हॉइस मेसेज करा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, धाराशिव