तिकिटावर साडेपाच तास, पायांना मात्र सोळा!

मुलगी किंवा सून अमेरिकेत बाळंत होणार म्हणून आई-वडील निघाले, हे दृश्य आता तालुक्याच्या गावीही नवे राहिलेले नाही. लोणची, पापड, मेतकूट यांची तयारी महिनाभर चालते. शरीराच्या तयारीचा मात्र विसर पडतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. मध्ये न थांबणाऱ्या विमानालाही साधारण १५ ते १६ तास लागतात. पण तिकिटावरील वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. समजा, विमान रात्री १ वाजता मुंबईहून सुटले आणि १६ तासांनी पोहोचले, तर तेथे त्याच दिवशी सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. तिकीट पाहणाऱ्याला वाटते, प्रवास साडेपाच तासांचा!

म्हणून हिशेब घड्याळाचा नव्हे, बसण्याच्या तासांचा करावा. गावाहून मुंबईपर्यंत मोटारीने सात-आठ तास, विमानतळावर तीन तास आणि विमानात सोळा. म्हणजे जवळजवळ सव्वीस-सत्तावीस तास पाय लोंबकळत राहतात.

आपली पोटरी हा एक पंपच आहे. चालताना तिचे स्नायू आवळले जातात आणि पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. माणूस बसून राहिला की हा पंप थंडावतो आणि शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर प्राणावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाला, एवढाच असतो. तेव्हा घाबरू नये, पण गाफीलही राहू नये.

विमानात काय करावे?

१) जागेवर बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवावेत. शक्य तेव्हा दर एक-दोन तासांनी उठून चार पावले चालावे.

२) विमानातील हवा फार कोरडी असते. थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. ते उठणेही उपयोगाचेच!

३) मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

४) इन्सुलिन व रोजची औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणून डोस कधी व किती घ्यायचा हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतेच मोठे ऑपरेशन झालेल्यांनी, कर्करुग्णांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. शेजाऱ्याने सांगितले म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

पोहोचल्यावर तेथील वेळेप्रमाणे जेवावे-झोपावे आणि दिवसा उजेडात फिरावे. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते, म्हणून आठवडाभर झोप बिघडली तर काळजी नको.

काळजी करायची ती याची: प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. 'प्रवासाचा शीण असेल' असे म्हणून अंगावर काढू नये.