पवनचक्कीची निगा

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे ही पठारावरची गावे. तिथे पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. वाऱ्याला पैसे पडत नाहीत. मग चक्कीला खर्च कसला? मोठा खर्च निगेचा.

निगा राखण्याच्या तऱ्हा तीन. मोडले की दुरुस्त करायचे, ही एक. ठरल्या महिन्यात वंगण घालायचे, बोल्ट आवळायचे, ही दुसरी. लक्षण पाहून हात घालायचा, ही तिसरी. स्वस्त कोणती, हे त्या त्या भागावर ठरते.

मनोऱ्याच्या आतला दिवा गेला, तर गेल्यावर बदला. त्याची आधीपासून तपासणी म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!

गिअरपेटीचे तसे नाही. पाती मिनिटाला वीस-तीस फेरे घेतात. वीज करणाऱ्या जनित्राला सुमारे 1500 लागतात. हा वेग गिअरपेटी वाढवते. सगळा भार तिच्या दात्यांवर. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" असं म्हणणारे इथेच फसतात. दाते झिजू लागले की धातूचा बारीक कीस तेलात उतरतो. म्हणून बाटलीभर तेल तपासायला पाठवतात. कीस वाढला, बेअरिंग तापू लागले, थरथर वाढली, की समजावे. आस कुरकुरला की गाडीवान खाली उतरतोच ना?

वेळीच कळले तर कधी कधी वरच्या वर बेअरिंग बदलून भागते. तसेच रेटले तर सबंध पेटी उतरवावी लागते. त्याला मोठी क्रेन हवी. ती घाट चढून आणायची, भाडे भरायचे. आणि पावसाळी वाऱ्यात क्रेनने एवढे ओझे उचलता येत नाही. चक्की तशीच उभी, वारा फुकट जातो.

आता हिशेब पाहू. समजा, चक्की 500 किलोवॅटची आहे. भर वाऱ्यात तासाला 500 युनिट, दिवसाला 12,000. युनिटला 3 रुपये धरले, तर रोजचे 36,000 रुपये. इथला भर वारा जून ते सप्टेंबर. मार्चमध्ये वारा पडतो. तेव्हा दहावा हिस्सा धरू, म्हणजे 3,600. म्हणून वंगण, बोल्ट, ब्रेक, आकाशातली वीज जमिनीत नेणारी तार, हे सारे पावसाळ्याआधी उरकतात.

चक्कीवर कामाला असाल तर वही ठेवा. तारीख, चक्कीचा क्रमांक, बेअरिंगचे तपमान. आकडा लिहिलेलाच नसेल, तर वाढ कळणार कशी?

हिशेब करा : ही चक्की जुलैत भर वाऱ्यात 10 दिवस बंद राहिली. तेच काम मार्चमध्ये केले असते, तर किती रुपये वाचले असते?